दूध भरपूर, मग रक्त कमी का?

या महिन्याच्या प्रश्नोत्तरांसाठी आपण सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तक्षयावर पत्रं मागवली होती. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. 'कोणतं टॉनिक देऊ?' हे जवळजवळ प्रत्येकाने विचारलंय. माझ्या मुलाचं रक्त मुळात कशामुळे कमी झालं, हे विचारणारे फार थोडे. म्हणून आज मी औषधापेक्षा कारणांवरच जास्त बोलणार आहे. कारण कळलं नाही तर बाटल्यांवर बाटल्या संपतात आणि मूल आहे तिथेच राहतं.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या या वयाच्या ६८.९ टक्के मुलांचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली, म्हणजे रक्तक्षयाच्या पातळीत निघालं. २०१५-१६ मध्ये हा आकडा ५३.८ होता. या पाहणीत बोट टोचून रक्त घेतलं होतं, त्यामुळे आकडा फुगतो असा काही तज्ज्ञांचा आक्षेप आहे, आणि त्यात तथ्य आहे. शिरेतून रक्त घेऊन केलेल्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये देशभराचं प्रमाण ४१ टक्के आलं. हा कमी आकडा खरा धरला तरी पाचातली दोन मुलं होतात. यातली बहुतेक मुलं 'आजारी' दिसत नसतात, ही खरी अडचण आहे.

पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा नातू दीड वर्षाचा आहे. गोरापान, गुबगुबीत, वजन बारा किलो. घरची म्हैस आहे, दिवसाला लिटर-सव्वालिटर दूध बाटलीने सहज पितो. जेवणाकडे मात्र तोंड फिरवतो. तापासाठी दवाखान्यात नेला तेव्हा रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. ज्या घरात दूध-तुपाला कमी नाही, तिथल्या मुलाचं रक्त कमी कसं? मी बीट आणि डाळिंबाचा रस सुरू केलाय. बरोबर आहे ना? (एक आजी, नाशिक जिल्हा)

आजी, तुमच्या नातवाचं रक्त दुधामुळेच कमी झालेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. हे ऐकून वाईट वाटेल, कारण तुम्ही घरातलं उत्तमातलं उत्तम त्याला देताय. पण खात्यापित्या घरातल्या बाळसेदार मुलांत मला हेच कारण सगळ्यात जास्त सापडतं, आणि घरात कोणाच्या ध्यानीमनी नसतं.

या वयाच्या मुलाला रोज साधारण ८ मिलिग्रॅम लोह लागतं. लिटरभर दुधात असतं एखादा मिलिग्रॅम, बरेचदा त्याहूनही कमी, आणि त्यातलंही थोडंसंच अंगी लागतं. दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं इतर अन्नातल्या लोहालाही आतड्यात शोषू देत नाहीत. पोट दुधाने भरल्यावर मूल भाकरीला, वरणाला हात कशाला लावेल? 'जेवतच नाही, म्हणून दूध देतो' असं आया सांगतात. मी त्यांना आठवडाभर उलटं करून बघायला सांगते. शिवाय वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून दिलं, तर काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होतो. वरचं दूध कधी सुरू केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना ते नक्की सांगा.

गोऱ्या रंगाबद्दलही बोलायला हवं. नातवाचा तळहात तुमच्या किंवा त्याच्या आईच्या तळहाताशेजारी उजेडात धरून बघा. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. नाजूक गोरेपणा म्हणून कौतुक होतं तो कधीकधी पांढुरकेपणा असतो. आणखी एक विचारते, रडता रडता त्याचा श्वास अडकून तो निळा पडतो का? तसं होत असेल तर तो हट्टीपणा समजू नका. लोह कमी असलेल्या मुलांत हे झटके जास्त दिसतात आणि लोह भरून आलं की बऱ्याच जणांचे कमी होतात.

आता रसाचं. बीट लाल आहे, डाळिंब लाल आहे, म्हणून ते रक्त वाढवतं असं आपण धरून चालतो. पण शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात तर त्याहून कमी. खायला दोन्ही चांगली आहेत, पण ८.२ चं हिमोग्लोबिन त्यांनी वर येणार नाही. त्याला औषधाचंच लोह लागेल, वजनावर ठरवलेल्या डोसमध्ये. ते दोन जेवणांच्या मधे, लिंबाच्या किंवा मोसंबीच्या रसाबरोबर द्यायचं. दुधाबरोबर अजिबात नाही. औषध बरोबर लागू पडलं तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान एका अंकाने वाढतं. वाढलं नाही तर डोस दुप्पट करू नका, परत दाखवा. आणि ११ च्या वर गेलं म्हणून लगेच थांबवूही नका. अंगातला साठा भरायला पुढे दोन-तीन महिने लागतात. निम्मी कुटुंबं इथेच औषध सोडतात आणि सहा महिन्यांनी मूल परत तिथेच येतं.

बाटली आजच बंद. दूध दिवसाला दोन लहान पेले, मिळून ४०० मिली, जेवणानंतर, वाटीने किंवा पेल्याने. पहिले चार दिवस तो आकांत करेल. त्या चार दिवसांत घरातल्या कोणीही मन मोठं करून गुपचूप बाटली देऊ नये, एवढी जबाबदारी तुमच्यासारख्या मोठ्या माणसाने घ्यावी. तुमचा शब्द सून आणि मुलगा दोघंही ऐकतील. जेवणात बाजरीची मऊ भाकरी वरणात कुस्करून, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ वर लिंबू पिळून, माठ-राजगिऱ्याची भाजी, अळिवाची खीर. मोड आणल्याने आणि आंबवल्याने धान्य-कडधान्यातलं लोह मोकळं होतं. आंबट पिळल्याने ते शोषलं जातं. आपल्या जुन्या स्वयंपाकात हे सगळं होतंच. तुमच्याकडे चालत असेल तर अंडं, खिमा, आठवड्यातून एकदा कलेजीचा छोटा तुकडा किंवा सुकट द्या. मांस-मासळीतलं लोह सगळ्यात सहज अंगी लागतं. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट नको. दीड-दोन वर्षांच्या मुलाला चहा देणारी घरं मला अजून रोज भेटतात. चहा जेवणातलं लोह अडवून धरतो.

एवढी घाई का करते सांगू? पहिल्या दोन वर्षांत मेंदू फार झपाट्याने वाढतो आणि त्या वाढीला लोह लागतं. या काळात ते बराच काळ कमी राहिलं तर शिकण्यावर, लक्ष लागण्यावर त्याचा परिणाम पुढे कितीतरी वर्षं दिसत राहू शकतो, रक्त भरून आल्यावरसुद्धा.

प्रश्न : मला जुळ्या मुली आहेत. ३४व्या आठवड्यात झाल्या, वजन १.८ आणि १.९ किलो. आता साडेतीन महिन्यांच्या आहेत, फक्त माझं दूध घेतात. गरोदरपणात माझं हिमोग्लोबिन ९ होतं. डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिलेत, पण सासूबाई म्हणतात आईच्या दुधात सगळं असतं, एवढ्याशा जिवाला लोह उष्ण पडेल. दोन आठवडे थेंब बंद आहेत. (एक आई, कोल्हापूर)

थेंब आजच सुरू करा, आणि बंद होते हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

सासूबाईंचं म्हणणं पूर्ण दिवस भरलेल्या, अडीच-तीन किलोच्या बाळासाठी बरंचसं बरोबर आहे. अशा बाळाला सहा महिने आईचं दूध पुरतं, कारण आईच्या दुधातलं लोह थोडं असलं तरी ते फार चांगलं शोषलं जातं, आणि बाळ पोटातून स्वतःची शिदोरी घेऊन आलेलं असतं. ही शिदोरी मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरते. तुमच्या मुलींना त्यातला दीड महिना मिळालाच नाही. मिळालं ते दोघींत वाटलं गेलं. तुमच्या स्वतःच्या अंगात लोह कमी होतं. आणि आता त्या भराभर वाढताहेत, म्हणजे रक्तही भराभर तयार करावं लागतंय. जोखमीची चार कारणं एकाच पाळण्यात आहेत. म्हणूनच कमी वजनाच्या बाळांना साधारण दुसऱ्या महिन्यापासून, डॉक्टरांना गरज वाटली तर त्याही आधी, दिवसाला किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम लोह देतात. उष्ण वगैरे काही पडत नाही. थेंब जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, म्हणजे पुढे दात आले की डागही पडणार नाहीत. अंगावरचं दूध अजिबात कमी करू नका.

तुमची तपासणी झाली का? बाळंतपणानंतर सगळं घर बाळाकडे बघतं आणि आईच्या गोळ्या कपाटात राहतात. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. तुम्हाला धाप लागते का, पायऱ्या चढताना थकता का, हे मला तुमच्या पत्रात वाचायला आवडलं असतं. पुढच्या गरोदरपणात निदान तीन वर्षांचं अंतर ठेवा. अंतर कमी पडलं की आईचा साठा भरत नाही आणि पुढचं बाळ तुटीतच जन्माला येतं. ज्या वाचक आत्ता गरोदर आहेत त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं की नाळ कापताना एक ते तीन मिनिटं थांबणार का. बाळ-बाळंतीण ठीक असतील तर तेवढ्या वेळात वारेतलं बरंचसं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या काही महिन्यांचं लोह त्याला फुकट मिळतं.

मुलींचं वरचं खाणं केव्हा सुरू करायचं ते त्यांच्या अपुऱ्या दिवसांचा हिशेब धरून डॉक्टर सांगतील. सुरू कराल तेव्हा वरणाच्या पाण्यावर आणि पेजेच्या निवळीवर महिने काढू नका. चमचा तिरका केला तर ओघळून जाणार नाही इतकं घट्ट हवं. वरण हवं, वरणाचं पाणी नको. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम अकरांना पुरेसा आहार मिळतो, असं त्याच २०१९-२१ च्या पाहणीत दिसलं. माझ्या अनुभवात त्याचं कारण दरवेळी गरिबी नसते. बाळाला घट्ट पचणार नाही ही भीतीही तितकीच असते.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध द्यायचं असतं. शी काळी होते म्हणून आया बाटली कोनाड्यात ठेवून देतात. पण जी मुलं नियमित घेतात त्यातलीही काही पांढरीफटक आणि मलूल राहतात. काय कमी पडतंय? (गडचिरोली जिल्हा)

ताई, तुमच्या प्रश्नासाठी मनापासून आभार. औषध देऊन मोकळं न होता मुलाकडे परत बघणारी माणसं हवी आहेत. मी नोकरीची सुरुवातीची वर्षं तुमच्याच भागात काढली, त्यामुळे तुम्ही कोणत्या मुलांबद्दल लिहिताय ते डोळ्यांसमोर आलं.

आधी आयांचं. त्या १ मिलीत २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. न शोषलेलं लोह शीतून बाहेर पडतं म्हणून ती काळी दिसते. पहिला डोस देतानाच हे सांगून टाका, म्हणजे घाबरून बंद करणार नाहीत. बाटली उंच ठेवतात ते मात्र चांगलंच करतात. लोहाचं औषध गोड असतं. लहान मुलाने अख्खी बाटली प्यायली तर जिवावर बेततं. सुरुवातीला उलट्या होतात, मग मूल काही तास बरं दिसतं आणि त्यानंतर एकदम खालावतं. अशा वेळी बरं दिसतंय म्हणून थांबायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. मुलाला ताप, जुलाब किंवा न्यूमोनिया असेल तेव्हा आठवड्याचा डोस थांबवा, बरं झाल्यावर पुन्हा सुरू करा. अति तीव्र कुपोषित मुलाला हा डोस द्यायचा नाही, त्याचे उपचार वेगळे असतात.

आता न सुधारणाऱ्या मुलांचं. आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या आकडेकृमीची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. उघड्यावर शौचाला जाणं आणि अनवाणी खेळणं जिथे आहे तिथे औषधाचं लोह एका बाजूने जातं आणि दुसऱ्या बाजूने रक्त जातं. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टची जंतनाशक गोळी चुकवू देऊ नका : एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, दोन वर्षांपुढे एक, लहानांना चुरून पाण्यातून. वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. दुसरं कारण हिवताप. त्यात तांबड्या पेशी फुटतात, आणि पावसाळ्यात दोन-तीनदा ताप येऊन गेलेल्या मुलाचं रक्त सहज दोन-तीन अंकांनी उतरतं. प्रत्येक तापाला रक्ततपासणी आणि रात्री मच्छरदाणी, याला पर्याय नाही.

तिसरं कारण सिकलसेल, आणि तुमच्या जिल्ह्यात माझा सगळ्यात जास्त भर यावर राहील. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या पट्ट्यात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. जन्मल्यावर पहिले काही महिने मूल ठणठणीत असतं, कारण आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन अजून अंगात असतं. सहा महिन्यांनंतर खुणा दिसू लागतात : हातापायाची बोटं सुजून दुखणं, डोळे पिवळे होणं, पोटात डावीकडे वाढलेली पानथरी (प्लीहा) हाताला लागणं, वरचेवर ताप. असं एकही लक्षण दिसलं तर त्या मुलाची सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची प्राथमिक रक्ततपासणी) आणि नंतर पक्की तपासणी करायला लावा. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ही तपासणी होते. या आजारात पेशी लवकर फुटतात, पण त्यांतलं लोह बहुतेक अंगातच राहतं. त्यामुळे लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय नुसतं लोह देत राहून उपयोग नाही. त्या मुलाला पेनिसिलिन, लसी, फॉलिक ॲसिड आणि पुढे हायड्रॉक्सीयुरिया यांची गरज असते, आणि ते वेळेवर मिळालं तर मूल शाळेत जातं, खेळतं, मोठं होतं. तुमच्या नोंदवहीत 'औषध घेऊनही सुधारणा नाही' असा वेगळा रकाना करा आणि ती नावं वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हातात द्या.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची आहे. चांगली जेवते, खेळते. दहा महिने लोहाचं टॉनिक चालू आहे, तरी हिमोग्लोबिन ९.८ वरून हलत नाही. कोणतं जास्त चांगलं टॉनिक आहे? (एक वडील, उल्हासनगर)

टॉनिक बदलू नका. तुम्ही पाठवलेल्या अहवालात तांबड्या पेशींचा सरासरी आकार ६२ आणि पेशींची संख्या ५.६ आहे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं तर ११ येतात. हा भागाकार १३ च्या खाली आला की थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं वाहकपण मनात येतं. लोहाच्या कमतरतेत तो सहसा १३ च्या वर असतो. हा फक्त अंदाज आहे. हिमोग्लोबिन ए-टूची तपासणी आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या. ए-टू ३.५ टक्क्यांच्या वर निघालं तर मुलगी वाहक आहे. वाहकाला रक्त थोडं कमी असण्यापलीकडे सहसा काही होत नाही, औषधही लागत नाही, आणि फेरिटिन चांगलं असेल तर लोह लगेच बंद करायचं. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत हे प्रमाण जास्त आहे, पण इतरांतही सापडतं.

मुलगी वाहक निघाली तर तुम्ही दोघांनीही तपासणी करा, दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि त्या बाळाला महिन्या-महिन्याला रक्त चढवावं लागतं.

प्रश्न : बाळ दहा महिन्यांचं आहे. आम्ही शुद्ध शाकाहारी, मी दूध-दहीही फारसं घेत नाही. बाळ फक्त अंगावर पितं. सातव्या महिन्यात बसायला लागलं होतं, आता बसत नाही. हाक मारली तर पूर्वीसारखं हसत नाही. केस भुरे, विरळ झालेत, बोटांच्या पेरांवर काळेपणा आलाय. रक्त कमी आहे म्हणून लोह चालू आहे. (पुणे)

हे उत्तर छापून येईपर्यंत थांबायला लागू नये म्हणून संपादकांमार्फत तुम्हाला फोन केला होता. इतर वाचकांसाठी इथे लिहिते. आलेलं कसब बाळ विसरायला लागलं, हसू मावळलं, पेरं काळवंडली आणि रक्त कमी आहे, तर ब-१२ ची कमतरता धरून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. हातपाय किंवा डोकं थरथरत असेल तर एक दिवसही घालवू नये. आईच्या अंगात ब-१२ नसेल तर तिच्या दुधातही नसतं, आणि लोहाने ही उणीव भरत नाही. ब-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली की काही दिवसांत बाळ पुन्हा नजर देऊ लागतं. उशीर झाला तर मात्र सगळं परत येईलच असं नाही. आईलाही ब-१२ घ्यावं लागतं. शाकाहार सोडायची गरज नाही. दूध-दही घ्या, आणि गरोदरपणापासूनच ब-१२ ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवा.

प्रश्न : अडीच वर्षांची मुलगी भिंतीचे पोपडे आणि माती खाते. मातीमुळे रक्त कमी होतं, की रक्त कमी म्हणून माती खाते? (सोलापूर)

दोन्ही. अंगात लोह कमी झालं की माती, खडू, चुना, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते, आणि मातीतून जंत जाऊन लोह आणखी कमी होतं. तिला मारून, हाताला तिखट लावून ही सवय सुटत नाही, कृपया तसं करू नका. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा, जंताची गोळी द्या, लोह सुरू करा. बऱ्याच मुलांची माती महिन्या-दोन महिन्यांत आपोआप सुटते. पोपड्यांची मला जास्त काळजी वाटते. घर जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि लोह कमी असलेल्या मुलाच्या आतड्यात शिसंही जास्त शोषलं जातं. रक्तातल्या शिशाची तपासणी करता येते का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. तोपर्यंत तिची खेळायची जागा त्या भिंतीपासून हलवा, आणि पोपडे कोरडे खरवडू नका. ओल्या फडक्याने पुसून घ्या, मुलगी घरात नसताना.